ठरावामागचा माणूस : महाडचे सुरबानाना टिपणीस

नगरपालिकेच्या सभेत इतिहास घडतो, असे सहसा कोणाला वाटत नाही. तेथे गटारे, दिवे, घरपट्टी, जकात, रस्त्यांवरील खडी आणि कोंडवाड्यातील गुरे यांचीच चर्चा चालते. विषयपत्रिका वाचली जाते, सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिली जातात, ठराव मंजूर होतो आणि कारकून पुढचे पान उलटतो. गावोगावच्या नगरपालिकांच्या दप्तरांत असे हजारो ठराव धूळ खात पडले आहेत. मात्र कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाड या छोट्याशा गावच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये केलेला एक ठराव या साऱ्यांपासून वेगळा ठरला. गावातील चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय होता. त्या वेळी नगराध्यक्षपदी होते सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. महाडकरांचे आणि पुढे साऱ्या कोकणातील दलित समाजाचे सुरबानाना.

महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव सर्वप्रथम येते आणि ते योग्यच आहे. पण त्या संग्रामाची कायदेशीर भूमी ज्या ठरावाने तयार झाली, तो ठराव करणारी नगरपालिका आणि तिचा अध्यक्ष यांची आठवण बहुधा एखाद्या ओळीत उरकली जाते. सुरबानानांचे सार्वजनिक आयुष्य त्या एका ओळीपेक्षा पुष्कळ मोठे होते.

हे आयुष्य समजून घ्यायचे, तर आधी महाड समजून घ्यावे लागते. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेले हे गाव समुद्रापासून आत असले, तरी जुन्या काळापासून बंदर म्हणूनच ओळखले जाई. बाणकोटच्या खाडीतून गलबते वर येत. दासगावच्या धक्क्याला आगबोट लागे आणि तेथून पायी किंवा बैलगाडीने महाड गाठावे लागे. रायगडाच्या परिसरातील खेड्यांना मीठ, कापड, तेल यांसाठी महाडचीच बाजारपेठ होती. कचेरी महाडलाच, न्यायालय महाडलाच, शाळा आणि दवाखानाही महाडलाच. आसपासच्या गावांतील माणूस महिन्यातून एकदा तरी महाडला येणारच.

आला की त्याला तहान लागणारच. गावाच्या मध्यभागी चार-पाच एकरांचे चवदार तळे होते. पाऊस आणि नैसर्गिक झरे यांच्यावर ते भरत असे. त्याच्या चारही बाजूंना नगरपालिकेचे रस्ते होते आणि रस्त्यांपलीकडे मुख्यतः सवर्ण हिंदूंची घरे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला पाणी पिण्यासाठी सोयीचे असे ते एकच सार्वजनिक ठिकाण होते. सवर्ण हिंदू तेथे पाणी भरत, मुसलमान भरत. केवळ अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला तेथे ओंजळ बुडविण्यास मज्जाव होता. त्यांच्या वस्तीत एक विहीर होती, पण ती बाजारापासून दूर आणि गाळाने भरलेली. तिच्याकडे नगरपालिकेने कधी लक्ष दिले नव्हते. मोळी विकायला आलेल्या किंवा कचेरीत सारा भरायला आलेल्या महाराला, चांभाराला तहान भागविण्यासाठी एक तर आपल्या वस्तीपर्यंत चालत जावे लागे, नाही तर कोरड्या घशाने घरची वाट धरावी लागे.

याच गावच्या नगरपालिकेत सुरबानाना काम करू लागले. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानुसार अशा नगरपालिकांचा कारभार चाले. काही सभासद करदात्यांनी निवडून दिलेले, तर काही सरकारने नेमलेले असत. मतदानाचा अधिकार मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला होता. त्यामुळे ज्याच्या नावावर घर नाही किंवा ज्याची मिळकत बेताची, त्याचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचतच नसे. वर जिल्हाधिकाऱ्याची नजर असे, अंदाजपत्रक तुटपुंजे असे आणि नवा खर्च म्हटला की सभासदांच्या कपाळाला आठ्या पडत. वकील, सावकार, व्यापारी आणि जमीनदार यांनी भरलेल्या या सभागृहांत रस्ते, दिवाबत्ती, सफाई, देवी टोचणे यांसारखे विषय निघत. गंमत अशी, की गावची सफाई ज्यांच्या हातून होई, त्यांना पाणी कोठे मिळते हा विषय कोणत्याही विषयपत्रिकेवर येत नसे.

सुरबानाना चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले. कोकणात हा समाज लेखणी आणि कारभार यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला. गावच्या उच्चवर्णीय वर्तुळात त्यांचे स्थान सुरक्षित होते. त्या वर्तुळात राहून चार चांगली कामे करावीत, गावात मान मिळवावा आणि नगराध्यक्ष म्हणून भिंतीवर तसबीर लागावी, असे आयुष्य त्यांना सहज जगता आले असते. तसे ते जगले नाहीत, यातच त्यांचे मोठेपण आहे.

महाड परिसराची माती या प्रश्नासाठी आधीच नांगरली गेली होती. सैन्यातून निवृत्त झालेले अनेक महार सैनिक या भागात स्थायिक झाले होते. सैन्यात शिक्षण आणि शिस्त यांची ओळख झालेली ही माणसे गावी परतल्यावर जुन्या बंधनांना मुकाट्याने मान तुकविण्यास तयार नव्हती. त्यांच्यापैकीच एक गोपाळ बाबा वलंगकर. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली आणि अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच आव्हान दिले. १८९५ मध्ये सरकारने महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक केली, तेव्हा त्यांच्याबरोबर एका सभागृहात बसण्यावरूनच उच्चवर्णीयांनी तक्रार केली. म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेत समतेचा प्रश्न महाडला सुरबानानांच्या आधी सुमारे तीस वर्षे येऊन गेला होता. नंतरच्या पिढीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे आले. विद्यार्थी असताना महाडच्या इंग्रजी शाळेत जागा मिळावी म्हणून त्यांना वृत्तपत्रातून दाद मागावी लागली होती. हाच तरुण पुढे महाडच्या परिषदेचा एक प्रमुख संघटक झाला.

अशा वेळी मुंबईहून एक निमित्त आले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. सप्टेंबरमध्ये सरकारने आपल्या खात्यांना त्याची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. आदेशाचे कागद जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, तेथून नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे गेले. असे कागद आले की त्यांचे काय करायचे, हे मुरलेल्या कारभाऱ्यांना ठाऊक असते. वाचून नोंद घ्यायची आणि फाइलीत लावायचा. तसे करणाऱ्या नगरपालिकांना कोणी शिक्षा करणार नव्हते.

महाडच्या नगरपालिकेने तसे केले नाही. सुरबानानांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी १९२४ मध्ये तिने चवदार तळे अस्पृश्यांना वापरू देण्यास हरकत नसल्याचा ठराव केला. ठरावाची भाषा पाहिली, तर ती अगदी थंड आणि दफ्तरी आहे. तीत समतेची घोषणा नाही, पश्चात्तापाचा सूर नाही. हरकत नाही, एवढेच. पण ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हरकत हाच नियम होता, तेथे अधिकृत संस्थेने हरकत मागे घेणे ही फार मोठी गोष्ट होती. तळे नगरपालिकेकडे आहे, तिने ते सर्वांना खुले केले आहे, एवढे आता कागदोपत्री सिद्ध झाले होते.

मात्र येथेच सुरबानानांच्या अडचणीला आरंभ झाला. ठराव झाला, तळ्यावर कोणी गेले नाही. जाण्याचे धाडस कोण करणार? नगरपालिका ठराव करू शकत होती, पण तळ्याकाठी जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर बसणारी काठी तिला थांबवता येत नव्हती. गावातील सवर्णांचा विरोध कायम होता. कुळाने पाणी भरले तर त्याची जमीन जाईल, मजुराने भरले तर त्याची मजुरी बंद होईल, ही भीती खोटी नव्हती. अशी तीन वर्षे गेली. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी कौन्सिलमध्ये दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे आधीचा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, अशी त्याची मागणी होती. म्हणजे ही स्थिती केवळ महाडचीच नव्हती. कागद आणि पाणवठा यांच्यातील अंतर साऱ्या मुंबई इलाख्यात तितकेच होते.

नगराध्यक्ष म्हणून जे करता येणे शक्य होते, ते सुरबानानांनी केले होते. अनेक जण अशा ठिकाणी थांबतात. आपण ठराव केला, आता लोकांनी पाहावे, असे म्हणून मोकळे होतात. सुरबानानांनी पुढचे पाऊल टाकले आणि तेथे त्यांची भूमिका कारभाऱ्याची न राहता कार्यकर्त्याची झाली. मोरे आणि त्यांचे सहकारी महाडला अस्पृश्यांची परिषद भरविण्याची खटपट करीत होते. संभाजी तुकाराम गायकवाड हे त्यांतले एक बुजुर्ग होते. अनंत विनायक चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे मुंबईत सामाजिक कार्य करणारे सवर्ण सुधारक त्यांच्या पाठीशी होते. त्यांच्यात सुरबानाना सामील झाले. चित्रे, सहस्रबुद्धे काम आटोपून मुंबईला परत जाऊ शकत होते. सुरबानानांना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच आळीत, त्याच शेजाऱ्यांत, त्याच बाजारात वावरायचे होते. स्वतःच्या गावात भूमिका घेण्याची किंमत नेहमीच अधिक असते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. गावोगावहून हजारो माणसे पायी चालत आली. परिषदेसाठी पाणी लागणार होते आणि ते विकत घ्यावे लागले. चाळीस रुपयांचे पाणी! ज्या गावच्या नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी तळे खुले केल्याचे लिहून ठेवले होते, त्याच गावात माणसांना पिण्यासाठी पाण्याचे पैसे मोजावे लागले. ठरावाचे वैयर्थ्य सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा नको होता.

दुसऱ्या दिवशी परिषदेचे काम संपत असताना अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण करून दिली आणि आपण सर्वांनी आता तळ्यावर जाऊन तो अमलात आणावा, असे सुचविले. मग ती माणसे चार-चारच्या रांगांनी बाजारातून शांतपणे निघाली. डॉ. आंबेडकरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागोमाग सर्वांनी. सुरबानानांच्या सभागृहात लिहिला गेलेला ठराव तीन वर्षांनी प्रथमच पाण्यापर्यंत पोहोचला. तो पोहोचविला ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांनीच.

त्यानंतर जे घडले, ते सर्वज्ञात आहे. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार आहेत, अशी आवई गावात उठविण्यात आली. जमावाने जेवत बसलेल्या, गावाकडे परत निघालेल्या प्रतिनिधींवर हल्ला केला. अनेक जण जखमी झाले. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. परिषदेला आलेल्यांत निवृत्त सैनिक होते, प्रतिकार करण्याची ताकद होती. पण डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना पुढे जूनमध्ये चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. इकडे गावातील सनातन्यांनी तळ्याच्या शुद्धीचा घाट घातला. दही, दूध, शेण, गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात ओतण्यात आल्या आणि पाणी पुन्हा पिण्यायोग्य झाले, असे जाहीर करण्यात आले.

नगरपालिकेच्या दृष्टीने सर्वांत कसोटीचा दिवस पुढे होता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा पहिला ठराव संमत झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. ज्या संस्थेने दार उघडले, तिनेच ते लावून घेतले. सभागृहात हात वर करणारे सभासद हे गावातील मतदारांचेच प्रतिनिधी होते आणि गावातील मतदार कोण होते, हे वर सांगितलेच आहे. मत देण्याचा अधिकार ज्यांना जवळजवळ नव्हताच, त्यांच्या हक्काचा निर्णय मत असलेल्यांनी केला आणि तो फिरवलाही. लोकशाहीच्या रीतीने केलेला अन्यायही अन्यायच असतो, याचा हा धडा कोकणातील एका लहानशा सभागृहाने फार लवकर दिला. सुरबानानांनी ज्या संस्थेत आपली हयात घालवली, तिच्याच दप्तरात ही माघार नोंदली गेली.

डॉ. आंबेडकरांनी या माघारीला उत्तर दिले ते डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला येऊन. त्याआधीच, १२ डिसेंबर रोजी, काही सवर्ण नागरिकांनी महाडच्या न्यायालयात दावा दाखल केला आणि १४ तारखेला तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. पद्मावती आगबोटीने दासगावच्या धक्क्यावर उतरून डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडला चालत आले. परिषदेसाठी गावात कोणी हिंदू जागा देईना. फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी ती दिली. २५ डिसेंबरच्या रात्री तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या विनंतीनंतर आणि न्यायालयाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित करण्यात आला. जमावाने गावातून शांततेने मिरवणूक काढली. भांडण आता तळ्याच्या काठावरून न्यायालयाच्या पायरीवर गेले.

हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. तळे ही सवर्णांची खाजगी मालमत्ता आहे, असा पवित्रा वादींनी आरंभी घेतला होता. तो टिकण्यासारखा नव्हता. तळे नगरपालिकेकडे निहित आहे, हे अखेर त्यांना मान्य करावे लागले. मग मुद्दा उरला तो वहिवाटीचा. तळे नगरपालिकेचे असले, तरी अस्पृश्यांना वगळून ते वापरण्याचा हक्क अनादि काळापासून आम्हाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ रोजी अपील फेटाळले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी दुसरे अपीलही फेटाळून लावले. अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही, हा निर्णय कायम झाला. मार्च १९२७ मध्ये प्यालेल्या त्या पाण्याला कायद्याची मान्यता मिळायला तीन दिवस कमी दहा वर्षे लागली.

या निकालाकडे नगरपालिकेच्या अंगाने पाहिले, म्हणजे १९२४ च्या ठरावाचे मोल कळते. तळे सार्वजनिक आहे आणि त्याच्याबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार नगरपालिकेचा आहे, हे गृहीत धरूनच तो ठराव झाला होता. पुढे नगरपालिकेने ठराव फिरवला, पण तो फिरवतानाही तळ्यावरील आपला अधिकार तिने सोडला नाही. उलट मान्यच केला. एकदा तळे सर्वांच्या पैशाने राखले जाणारे ठरले, की त्याच्या पाण्यापासून काहींना दूर ठेवण्यासाठी वहिवाटीखेरीज दुसरा आधार उरत नव्हता आणि तो आधार न्यायालयात टिकला नाही. गावगाड्याच्या रूढीतून एक तळे बाहेर काढून ते नागरिकांच्या मालकीचे करण्याची वाट सुरबानानांच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये कागदावर आखून दिली होती. ठराव रद्द झाला तरी ती वाट पुसली गेली नाही.

सुरबानाना तोवर पुढे गेले होते. पाण्याच्या प्रश्नामागे जमिनीचा प्रश्न उभा आहे, हे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना महाडच्या अनुभवाने शिकविले होते. तळ्यावर जाणाऱ्या माणसाला सर्वांत मोठा धाक होता तो खोताचा. कोकणातील खोती पद्धतीत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला असे. सारा वसूल करण्याचा अधिकार त्याच्याकडे, जमिनीवरची सत्ता त्याच्याकडे आणि कुळाच्या वाट्याला कर्ज आणि वेठ. या पद्धतीविरुद्ध कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांनी शेतकऱ्यांची संघटना उभारली. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी येथून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप आसपासच्या गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे जमिनी न कसण्याचा निर्धार शेतकऱ्यांनी उपाशी राहून पाळला. या चळवळीत आगरी, कुणबी, महार अशा जातींची कुळे एकत्र आली. चवदार तळ्यावर ज्यांच्यात भिंत होती, ती कुळे आता खोताविरुद्ध एका बाजूला उभी होती. सुरबानाना त्या लढ्यात पाटील, चित्रे आणि डॉ. आंबेडकर यांच्यासमवेत होते.

ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. जातीच्या प्रश्नाबरोबर कामगार आणि कूळ यांचा प्रश्न हाती घेणारा हा पक्ष होता आणि त्याचे दार सर्व जातींना खुले होते. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाचे जे मोजके सवर्ण उमेदवार मुंबई विधानसभेवर निवडून आले, त्यांत कुलाबा जिल्ह्यातून सुरबानाना होते. महाडच्या सभागृहातील खुर्चीवरून त्यांनी मुंबईच्या विधानसभेतील बाक गाठला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि सप्टेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकण आणि घाटावरील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर धडकला. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या अधिनियमाने. सुरबानानांच्या आयुष्यात हा अनुभव नवा नव्हता. आज मांडलेली गोष्ट आज पदरात पडत नाही. ती मांडून ठेवावी लागते आणि तिच्यामागे उभे राहावे लागते, हे ते महाडच्या तळ्याकाठी शिकले होते.

दलित समाजाने त्यांना नानासाहेब म्हटले, दलितमित्र म्हणून गौरविले. हे प्रेम त्यांना एका सहीमुळे मिळाले नाही. सही केल्यानंतर जेव्हा गाव उलटले, ठराव फिरला, दावे सुरू झाले, तेव्हाही त्यांनी आपली जागा बदलली नाही, म्हणून ते मिळाले. सवर्ण सुधारकांच्या इतिहासात अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांची संख्या कमी नाही. परिषदेत टाळ्या घेणारे पण सहभोजनाच्या पंगतीत न दिसणारे सुधारक त्या काळात ठायी ठायी होते. सुरबानानांची वाट मात्र नगरपालिकेपासून परिषदेपर्यंत, परिषदेपासून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आणि तेथून विधानसभेपर्यंत एकाच दिशेने गेलेली दिसते. आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या चळवळीचे नेतृत्व आपल्याकडे असावे, असा आग्रह त्यांनी कधी धरला नाही. ज्यांचा हक्क आहे त्यांनीच पुढे चालावे आणि आपण बरोबर असावे, ही त्यांची रीत होती. महाडच्या ठरावाची खरी अंमलबजावणी परिषदेला आलेल्या माणसांनी केली, यात त्यांना आपले न्यून वाटल्याचे दिसत नाही.

त्यांच्या निधनालाही आता कित्येक दशके लोटली आहेत. दरवर्षी २० मार्चला महाडच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतात, क्रांतिस्तंभापुढे नतमस्तक होतात. त्या गर्दीची पाण्याची, निवाऱ्याची, सफाईची व्यवस्था पाहण्यात नगरपालिका गुंतलेली असते. एके काळी ज्या पालिकेच्या हद्दीत चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, तिच्या कामकाजात या माणसांना पाणी पुरविणे हा आज नेहमीचा विषय झाला आहे. सुरबानानांनी जानेवारी १९२४ मध्ये जे मागितले, ते याहून वेगळे नव्हते. गावच्या तळ्याचे पाणी गावात येणाऱ्या प्रत्येकाला मिळावे, ही गोष्ट इतकी साधी व्हावी, की तिच्यासाठी पुन्हा ठराव करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आजही गावोगावच्या नगरपालिकांत आणि ग्रामपंचायतींत ठराव होतात. नळजोडणी कोणत्या वस्तीला आधी मिळावी, स्मशानभूमीचा रस्ता कोठून न्यावा, सभागृह कोणाला वापरू द्यावे, असे साधेच विषय असतात. त्यांतील कोणत्या विषयात कोणाच्या माणुसकीचा प्रश्न दडलेला आहे, हे विषयपत्रिकेवर लिहिलेले नसते. ते ओळखणारा एखादा सुरबानाना त्या सभागृहात असावा लागतो.